पायाखालचें घर

गेल्या दिवाळींत आमच्या घरीं एक लहानसा वाद झाला. माझ्या भाच्याचें एक पुस्तक टेबलावर पडलें होतें. मुखपृष्ठावर एक अजस्र यंत्रमानव शहराच्या छातीवर पाय रोवून उभा होता. फराळाला आलेल्या एका विद्वान स्नेह्यांनीं तें दोन बोटांनीं उचललें, दोन पानें चाळलीं, आणि "अक्षरशत्रूंसाठीं काढलेलें साहित्य" असा निकाल देऊन खालीं ठेविलें. भाच्याला राग आला. तो म्हणाला, "काका, याच्या लाखों प्रती खपल्या आहेत!" आपण बिनतोड उत्तर दिलें असें दोघांनाही वाटलें. माझ्या मतें दोघांपैकीं एकानेंही पुस्तकाची पारख केली नाहीं; आणि आयुष्यभर साहित्य शिकविणारा मी त्या वेळीं गप्प बसलों, हा तिसरा अपराध. त्याचेंच हें प्रायश्चित्त.

स्नेह्यांचा पक्ष जुना आहे. १९५४ सालीं अमेरिकेंत फ्रेड्रिक वर्थम नांवाच्या मानसोपचारतज्ज्ञानें चित्रकथांमुळें मुलें बिघडतात असें सांगणारा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याच वर्षीं सेनेटच्या उपसमितीपुढें चौकशी झाली, आणि घाबरलेल्या प्रकाशकांनीं स्वतःवरच एक नियमावली लादून घेतली. सज्जनांचा नेहमीं जय व्हावा, न्यायाधीश व पोलीस यांची कोठें अप्रतिष्ठा होऊं नये, असे तिचे दंडक होते. हे सर्व दंडक पाळून निर्बुद्ध पुस्तक लिहितां येत नाहीं काय? सुखेनैव येतें. पुढें २०१२ सालीं वर्थमचे कागदपत्र तपासणाऱ्या एका संशोधिकेनें, त्यानें आपल्या पुराव्यांत फेरफार केल्याचें दाखवून दिलें. वाङ्मयाचा एखादा प्रकार मुळांतच हीन ठरविला, म्हणजे त्यांतील बरेंवाईट निवडण्याचे कष्ट उरत नाहींत. आणि मग पुरावाही हवा तसा वांकवितां येतो.

शिवाय अतिमानुष पात्र हेंच हीनतेचें लक्षण मानावयाचें, तर घटोत्कचाला कोठें ठेवावयाचें? मरतांनाही आपला देह वाढवून तो कौरवसैन्यावर कोसळतो, ही कल्पना आपण महाभारतांत आदरानें वाचतों. तीच एखाद्या जपानी चित्रकारानें पोलादांत घडविली कीं आपण नाक मुरडतों. हा न्याय नव्हे.

भाच्याचा पक्षही तितकाच लंगडा आहे. १९९१ सालीं 'एक्स-मेन' मालिकेच्या एका पहिल्या अंकाच्या ऐंशी लाखांवर प्रती विक्रेत्यांकडे गेल्या. पण तो अंक पांच निरनिराळ्या मुखपृष्ठांनिशीं काढला होता, आणि पुढें भाव चढेल या आशेनें गिऱ्हाइकांनीं एकाच अंकाच्या अनेक प्रती घेऊन ठेविल्या होत्या. हा खप वाचनाचा नव्हे, सांठेबाजीचा होता. पुढें तो बाजार कोसळला, आणि इतर कारणांची भर पडून १९९६ च्या अखेरीस त्या प्रकाशनसंस्थेस दिवाळखोरी जाहीर करावी लागली. तीच गोष्ट खेळण्यांची. १९८४ सालीं 'ट्रान्स्फॉर्मर्स' ही यंत्रमानवांची मालिका खेळण्यांच्या जोडीनें चार अंकांपुरती निघाली, आणि ऐंशी अंक चालली. नवें खेळणें आलें कीं कथेंत नवें पात्र शिरावयाचें. व्यापारासाठीं जन्मली म्हणून ती वाईट, असें मी म्हणत नाहीं. पोटासाठीं लिहिलेलें चांगलें साहित्य जगांत पुष्कळ आहे. मात्र व्यापार जेथें कथेचा हात धरून तिला ओढूं लागतो, तेथें टीकाकारानें तें स्पष्ट सांगितलें पाहिजे.

मग पारख करावी कशी? माझी कसोटी साधी आहे. महाकाय नायकाच्या पायाखालीं जें घर येतें, त्यांत माणसें राहतात काय?

प्रथम चित्रच घ्या. प्रचंडपणा आंकड्यांनीं पटत नाहीं. पोलादी टांचेजवळ एखादी खिडकी, दोरीवर वाळत घातलेला सदरा दिसला, म्हणजे तो अंगावर येतो. जेथें शहर म्हणजे नुसते करड्या रंगाचे ठोकळे, तेथें राक्षसही लहान होतो. आणि चित्रांत दिसतें तेंच वरच्या चौकटींत पुन्हां शब्दांनीं सांगितलें असेल, तर लेखकाचा चित्रावर विश्वास नाहीं असें खुशाल समजावें.

दुसरी गोष्ट जबाबदारीची. मित्सुतेरु योकोयामा याचा 'तेत्सुजिन २८' १९५६ सालीं जपानांत अवतरला. युद्धासाठीं शस्त्र म्हणून योजिलेल्या या यंत्राला स्वतःचें मन नाहीं. चालविण्याची पेटी ज्याच्या हातीं, त्याचें तें. ती पेटी एका मुलाजवळ आहे, आणि दुर्जन ती पळवूं शकतात. शक्ति कोणाच्या हातीं असावी, हा पराभवानंतर अकरा वर्षांनीं त्या राष्ट्रांत विचारला गेलेला प्रश्न पोरकट कोण म्हणेल? १९६२ सालच्या 'स्पायडरमॅन'च्या पहिल्याच कथेंत तो तरुण एका चोराला जाऊं देतो, आणि तोच चोर पुढें त्याच्या काकांचा जीव घेतो. शक्ति अंगीं असून न वापरल्याचा हिशेब तेथें चुकता होतो.

तिसरी गोष्ट परिणामाची. 'सुपरमॅन' १९९२ सालीं मोठ्या गाजावाजानें मेला, आणि १९९३ सालीं परत आला. जें मरण असें मागें घेतां येतें, त्याला वाचकाच्या डोळ्यांतील पाणी मागण्याचा अधिकार नाहीं. याउलट नाओकी उरासावा याची 'प्लुटो' ही २००३ ते २००९ मधील कथामाला पाहा. ओसामु तेझुका याच्या 'ॲस्ट्रो बॉय'मधील एका जुन्या कथेवर ती रचलेली आहे. तींत युद्ध लढून आलेला एक यंत्रमानव एका अंध संगीतकाराच्या घरीं चाकरीस राहतो. त्याला पियानो शिकावयाचा आहे, कारण पुन्हां रणांगणावर जाणें त्याला नको आहे. अखेर त्याला लढावेंच लागतें. लढाई वर आकाशांत होते. वाचकाला मात्र खालीं त्या वृद्धाजवळ, कान देऊन, उभें केलें आहे. दुय्यम लेखकानें येथें वीस पानें गुद्दागुद्दी रंगविली असती.

कोणी म्हणेल, मुलांच्या करमणुकीची एवढी झडती कशाला? मुलें बिघडतील म्हणून नव्हे. ती वाट वर्थमची. मी म्हणतों, चांगलें वाचावयास मिळणें हा त्यांचा हक्क आहे, आणि तें निवडून देण्याचें आपलें काम आपण दुकानदारावर टाकलें आहे.

पाहुणे गेल्यावर मीं भाच्याकडे तें पुस्तक मागितलें. तीन दिवसांनीं त्याला सांगितलें, "चित्रें जोरकस आहेत, पण मध्यें अर्धें शहर पडतें, आणि पुढच्या पानावर कोणालाही त्याची आठवण नाहीं." तो विचारांत पडला. मग आपल्या कपाटांतून दुसरें एक पुस्तक काढून म्हणाला, "मामा, मग हें वाचा." तें मीं एका रात्रींत संपविलें. ग्रंथालयांच्या पुस्तकनिवड समित्यांवर बसणाऱ्या माझ्या व्यवसायबंधूंना एवढीच विनंति आहे: नाकारावयाचें तें अवश्य नाकारा, परंतु वाचून नाकारा.