श्रेय घेवड्याचं, नाव मांसाचं

उत्तर मेक्सिकोत अंगणात निखाऱ्यांवर मांस भाजायला घेतलं की शेजारच्या भांड्यात 'फ्रिहोलेस चार्रोस' रटरटत असतात. पिंटो घेवडा, टोमॅटो, कांदा, मिरची, कोथिंबीर आणि सोबत बेकन, चोरिसो. खाणारे तारीफ करतात ती मांसाची. मला हे मान्य नाही. या पदार्थाचं खरं पोषण घेवड्यात आहे.

शिजलेल्या 100 ग्रॅम पिंटो घेवड्यात सुमारे 9 ग्रॅम प्रथिनं आणि जवळपास तेवढाच चोथा असतो. मांसात चोथा नावालाही नाही. फोलेट आणि पोटॅशियमही घेवड्यात भरपूर, आणि त्यातला बराच वाटा रश्शात उतरतो. म्हणून तिथल्या घरांत हा रस्सा टाकून देत नाहीत, वाटीत घेऊन पितात. घेवड्यातलं लोह शरीराला सहज मिळत नाही. टोमॅटो-मिरचीतलं 'क' जीवनसत्त्व ते मिळवून देतं.

पण एकट्या घेवड्याची प्रथिनं पुरी पडत नाहीत. त्यात लायसिन भरपूर, मिथिओनिन कमी. मक्याचं नेमकं उलट. त्यामुळे सोबतची मक्याची तोर्तिया हा जेवणाचा निम्मा भाग आहे. मका चुन्याच्या पाण्यात शिजवण्याची तिथली जुनी रीत कॅल्शियम वाढवते, नियासिन मोकळं करते. युरोपने मका नेला, रीत नेली नाही. मग मक्यावरच जगणाऱ्या उत्तर इटलीतल्या गरिबांना अठराव्या शतकापासून पेलाग्राने, म्हणजे नियासिनच्या अभावाने होणाऱ्या रोगाने, गाठलं.

बेकन-चोरिसोबद्दल मात्र स्पष्ट बोलायला हवं. प्रक्रिया केलेलं मांस कर्करोगाला कारणीभूत ठरतं, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2015 मध्ये जाहीर केलं. मिठाची दिवसाची मर्यादा 5 ग्रॅम, आणि हे दोन्ही खारवलेलेच. सणासुदीला थोडं घालावं. रोजच्यासाठी मेक्सिकोचाच साधा 'फ्रिहोलेस दे ला ओया' आहे: घेवडा, कांदा, मीठ आणि एपासोते नावाचा उग्र वासाचा पाला.

आपल्याकडे करायचा तर कोरेगावचा वाघ्या घेवडा घ्या, जात तीच. रात्रभर भिजवा, ते पाणी फेका आणि नव्या पाण्यात आधी निदान दहा मिनिटं खळखळून उकळा. कच्च्या घेवड्यातलं लेक्टिन नुसत्या मंद आचेवर जात नाही, उलट्या होतात. त्यानंतर आच कमी करून मऊ होईपर्यंत शिजवा आणि मीठ शेवटी, चव घेऊन घाला.