फुप्फुस काढल्यानंतरची विडी

'आता सोडून काय उपयोग? व्हायचे ते झालेच आहे. ओढू द्या बिचाऱ्याला!' फुप्फुसाच्या कर्करोगाचे निदान झालेल्या माणसाच्या घरी हे वाक्य हटकून ऐकू येते. बोलणाऱ्याच्या मनात दया असते, याविषयी आम्हांला शंका नाही. तथापि ही दया रोग्याचे आयुष्य तोडते, असे आज पुराव्यानिशी म्हणता येते.

या रोगावर शस्त्रक्रियेचा उपाय तसा फार जुना नव्हे. अमेरिकेतील सेंट लुई येथे बार्न्स रुग्णालयात डॉ. एव्हर्ट्स ग्रॅहम यांनी ५ एप्रिल १९३३ रोजी पिट्सबर्गच्या एका ४८ वर्षांच्या डॉक्टरांचे संपूर्ण डावे फुप्फुस काढले. ते रोगी जगले; एकदोन नव्हे, तब्बल ३० वर्षे. ग्रॅहम स्वतः सिगारेटचे मोठे भोक्ते. या रोगाचे मूळ सिगारेटमध्ये असेल, हे त्यांना प्रथम पटेना. मग अर्न्स्ट वाइंडर या तरुण विद्यार्थ्यासह त्यांनी ६८४ रोग्यांची माहिती तपासली. ती १९५० साली प्रसिद्ध झाली आणि पुराव्यापुढे त्यांनी मान तुकविली. पुढे सिगारेटही सोडली. परंतु मार्च १९५७ मध्ये फुप्फुसाच्या कर्करोगानेच त्यांचे निधन झाले. रोग दोन्ही बाजूंस पसरल्यामुळे शस्त्रक्रियेला वाव नव्हता. ज्यांचे फुप्फुस त्यांनी काढले होते, ते त्यांच्यामागे सहा वर्षे हयात होते.

'मग सोडूनही ते वाचले नाहीतच ना?' असे कोणी विचारील. त्याचे उत्तर एका माणसाच्या कथेत मिळत नाही, अनेकांच्या हिशेबात मिळते. २०१० साली ब्रिटनमधील संशोधकांनी तोवरचे अभ्यास एकत्र मांडून पाहिले. रोग आरंभीच्या टप्प्यात असताना कळलेल्या ६५ वर्षांच्या रोग्यांपैकी, निदानानंतरही ओढत राहिलेल्यांतील शंभरात ३३ जण पाच वर्षे जगतील आणि सोडणाऱ्यांतील ७०, असा त्यांचा अंदाज निघाला. सोडणारे मुळातच धट्टेकट्टे असतील, ही शंका रास्त आहे. म्हणूनच २०२१ साली प्रसिद्ध झालेला मॉस्को येथील अभ्यास आम्हांला अधिक मोलाचा वाटतो. तेथे निदानाच्या वेळी धूम्रपान करीत असलेल्या ५१७ रोग्यांना दरवर्षी गाठून कोणी सोडले, कोणी नाही, याची नोंद ठेवली गेली. पाच वर्षांनी सोडणाऱ्यांपैकी शंभरात सुमारे ६१ हयात होते, न सोडणाऱ्यांपैकी ४९. आयुष्यातील अंतर सुमारे २२ महिन्यांचे पडले, आणि वर्षानुवर्षे जबर ओढणाऱ्यांनाही हा लाभ झाला. बावीस महिन्यांत नातीचे प्रथम कम्युनियन डोळ्यांनी पाहून होते.

शस्त्रक्रियेनंतर रोग्याची अवस्था कशी असते, हे ध्यानी घ्यावे. उरलेल्या फुप्फुसावर साऱ्या श्वासाचा भार येतो. छातीला टाके असतात, खोकताना कळ जाते, आणि खोकल्यावाचून कफ सुटत नाही. कफ साचला की न्यूमोनिया. श्वासनलिकांच्या आत कफ वर ढकलणारे जे सूक्ष्म तंतू असतात, त्यांना धूर लुळे करतो. धुरातील कार्बन मोनॉक्साइड रक्तात प्राणवायूची जागा बळकावतो. निकोटिनने रक्तवाहिन्या आकसून जखम भरण्यास विलंब लागतो. म्हणून डॉक्टर निदान चार आठवडे आधी सोडण्यास सांगतात. 'ऐन शस्त्रक्रियेच्या तोंडावर सोडू नये, कफ वाढतो' हा जुना समज आता कोणी धरून बसू नये. उशिरा सोडणेही हिताचेच. मात्र सोडण्यासाठी म्हणून शस्त्रक्रियेची तारीख आपल्याच मनाने पुढे ढकलू नये.

विडी सिगारेटपेक्षा सौम्य, असेही आमचे कित्येक वाचक मानतात. तसे नाही, विडीच्या धुरात हे विषारी वायू अधिकच असतात. निपाणीकडील आमच्या वाचकांपैकी अनेकांचे पोट तंबाखूच्या शेतीवर किंवा विड्या वळण्यावर चालते, हे आम्ही विसरलेलो नाही. तो प्रश्न खरा आहे, परंतु निराळा आहे.

आमच्या मते मोठा अडसर घरातच असतो. रोगी चोरून ओढतो आणि डॉक्टरांना 'सोडली' म्हणून सांगतो. कारण 'तुमच्याच करणीचे फळ' हे त्याने घरी इतके वेळा ऐकलेले असते, की खरे बोलण्याचे धैर्य उरत नाही. जन्मात विडीला हात न लावलेल्यांनाही हा रोग होतो, हे अशा न्यायाधीशांनी लक्षात ठेवावे. पापनिवेदन धर्मगुरूंपाशी करावयाचे असते. डॉक्टरांना केवळ दिवसाला किती आणि शेवटची केव्हा, एवढेच कळणे आवश्यक असते. ते कळले तर निकोटिनची पट्टी, चघळण्याची गोळी वा अन्य औषध देऊन शरीराची ओढ ते आवरू शकतात. नुसत्या निग्रहावर हे काम सोपवू नये. घरातील मुलगे, जावई अंगणात ओढून आत येत असतील, तर रोग्याचा निग्रह टिकणार तरी कसा?

फुप्फुसाचा भाग गेला म्हणजे माणूस संपला, असेही नव्हे. पोप फ्रान्सिस यांच्या उजव्या फुप्फुसाचा काही भाग तरुणपणी, १९५७ साली, काढावा लागला होता. तो रोग वेगळा होता. पण पुढे २०२५ पर्यंत ते जगले. व्हॅटिकनमधील सिगारेटची विक्री २०१८ पासून बंद करण्याचा निर्णय त्यांचाच.

ज्यांना धूम्रपान सोडण्यासाठी कोणाशी बोलावयाचे आहे, त्यांच्यासाठी शासनाचा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक १८००-११-२३५६ असा आहे. तो तंबाखूच्या पाकिटांवरही छापलेला असतो. रोग्याच्या वतीने घरातील कोणी प्रथम चौकशी केली तरी चालेल.