संख्या नव्हे, व्यवहार भाषेला तारतो

भामरागड तालुक्यातील एखाद्या टोल्यावरचे सहा वर्षांचे मूल प्रथमच शाळेची पायरी चढते, तेव्हा ते कोऱ्या पाटीसारखे नसते. झाडे, पाखरे, पिके, नाती, सण या साऱ्यांची नावे त्याला ठाऊक असतात, पण ती माडियात. पाण्याला ते ‘येर’ म्हणते. गुरुजी फळ्यावर ‘पाणी’ लिहितात. ते मूल गप्प बसते आणि त्या मौनाची नोंद ‘मंदबुद्धी’ किंवा ‘अनास्था’ अशी होते. पुढे एके दिवशी ते शाळेत येईनासे होते. गळतीच्या तक्त्यात एक आकडा वाढतो. कारणाच्या रकान्यात भाषेचा उल्लेख सहसा नसतो.

या प्रश्नावर ठरलेले उत्तर असे, की लहान भाषा काळाच्या ओघात जायच्याच. त्यासाठी हळहळण्यात अर्थ नाही. भाषेचे आयुष्य खरोखरच तिच्या बोलणाऱ्यांच्या संख्येवर ठरते काय? जगातील दोन भाषांची उदाहरणे शेजारी ठेवली, तर या समजुतीचा फोलपणा लक्षात येतो.

पहिली भाषा वेल्श. ब्रिटनमधील वेल्स या छोट्या प्रदेशाची. १५३६ च्या कायद्याने तेथील न्यायालयांची भाषा इंग्रजी झाली. एकोणिसाव्या शतकात अनेक शाळांतून वेल्श बोलणाऱ्या मुलाच्या गळ्यात लाकडी फळी अडकवीत. दुसरा कोणी तोच ‘अपराध’ करताना सापडला, की ती फळी त्याच्या गळ्यात जाई. अशा अपमानातूनही ती भाषा उठली. वेल्श माध्यमाच्या शाळा निघाल्या, १९८२ मध्ये स्वतंत्र दूरचित्रवाहिनी सुरू झाली, १९९३ मध्ये सरकारी कारभारात वेल्शला इंग्रजीच्या बरोबरीचे स्थान देणारा कायदा आला आणि २०११ मध्ये तिला अधिकृत भाषेचा दर्जा लाभला. तिचे भाषक किती? २०२१ च्या गणनेनुसार सुमारे ५ लाख ३८ हजार.

दुसरी भाषा कँटोनीज. दक्षिण चीनमधील ग्वांगडाँग प्रांत आणि हाँगकाँग ही तिची भूमी. तिच्या कुळातील बोली बोलणाऱ्यांची संख्या आठ कोटींच्या घरात जाते. तिच्यात चित्रपट आहेत, गीते आहेत, मोठा व्यापार आहे. तरीही चीनच्या शासनलेखी ती ‘भाषा’ नसून ‘बोली’ आहे. शाळेचे माध्यम मँडरिन. २०१० मध्ये ग्वांगझू शहराच्या दूरचित्रवाणीवर मँडरिनचे प्रमाण वाढवण्याची सूचना पुढे आली, तेव्हा नागरिक रस्त्यावर उतरले. त्या शहरात आजी कँटोनीजमध्ये बोलते आणि नातू मँडरिनमध्ये उत्तर देतो, हे दृश्य आता नवलाचे राहिलेले नाही.

पाच लाखांची भाषा शाळेत जाते आणि आठ कोटींची भाषा शाळेच्या दाराबाहेर उभी राहते. अर्थात, वेल्शचीही कथा निखळ यशाची नाही. २०११ ते २०२१ या दशकात तिचे भाषक घटले. शासनाने कितीही दिले, तरी घरात आईने मुलाशी ती बोलली पाहिजे, हा त्यातला बोध. घर, शाळा आणि कचेरी या तीन ठिकाणी जिचा वावर असतो ती भाषा टिकते. जिचा एकेक उंबरठा सुटत जातो ती संख्येने मोठी असूनही खंगते.

आता चंद्रपूर-गडचिरोलीकडे वळावे. चंद्रपूर ही गोंड राजांची राजधानी. १८५७ च्या संग्रामात लढून १८५८ मध्ये याच नगरीत फासावर गेलेले वीर बाबुराव शेडमाके याच समाजाचे. द्राविड कुळातील त्यांची गोंडी २०११ च्या जनगणनेत सुमारे ३० लाख लोकांनी मातृभाषा म्हणून नोंदवली. तिच्या निम्म्याच संख्येची बोडो भाषा २००३ च्या घटनादुरुस्तीने आठव्या अनुसूचीत आली; गोंडी अद्याप बाहेरच आहे. अनेक राज्यांत विभागलेल्या या भाषेला कोणतेही राज्य आपली म्हणत नाही, हे तिचे खरे दुर्दैव. कँटोनीजप्रमाणे तिलाही ‘बोली’ म्हणून बाजूला सारले जाते.

भाषेची ही उपेक्षा महागात पडते, हे या जिल्ह्यांनी सोसले आहे. १९८० च्या सुमारास नक्षलवादी या जंगलात शिरले ते गोंडी-माडिया शिकून, तिच्यातच गाणी रचून. शासन मात्र मराठीतल्या परिपत्रकांतून बोलत राहिले. लोकांच्या भाषेत बोलणाऱ्याचे ऐकले जाते, मग तो हाती बंदूक घेऊन का आलेला असेना. याउलट, १९७३ पासून हेमलकशात रुग्णसेवा करणाऱ्या डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांनी माडिया शिकून घेतली आणि तिच्याच आधारे विश्वास मिळवला.

मातृभाषेला स्थान दिल्याने राष्ट्रीय ऐक्याला तडा जाईल, ही भीती निराधार आहे. एकात्मता म्हणजे एकरूपता नव्हे. अनेक वाणींनी एकच संस्कृती बोलणे ही या देशाची रीत आहे. राज्यघटनेचे कलम ३५०(क) प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय सांगते. २०२० चे राष्ट्रीय शिक्षण धोरणही तेच सांगते. उणीव आहे ती अंमलबजावणीची.

२०२५ मध्ये पहिलीपासून हिंदी शिकवण्याच्या निर्णयावर महाराष्ट्रात वादळ उठले आणि शासनाला तो मागे घ्यावा लागला. कोवळ्या वयात अपरिचित भाषेचे ओझे नको, हा मराठी पालकांचा युक्तिवाद होता. तोच युक्तिवाद माडिया आईच्या तोंडी घालून पाहावा. तिच्या मुलासाठी अपरिचित भाषा मराठी आहे.

याचा अर्थ त्या मुलाला मराठी नको, असा नाही. मराठी त्याला हवीच. पण ती त्याच्या भाषेच्या खांद्यावरून यावी, तिच्या छातीवर पाय देऊन नव्हे. पहिल्या दोन-तीन इयत्तांना गोंडी-माडिया जाणणारा शिक्षक, दोन्ही भाषांतील पुस्तक, तहसील आणि दवाखान्यात ती भाषा समजणारा एक तरी माणूस, एवढ्याने आरंभ होऊ शकतो. २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्या थोरपणाला शोभणारे पहिले कर्तव्य या धाकट्या बहिणीचा हात धरून तिला वर्गात बसवणे, हेच होय.