जनुकांची साक्ष आणि आपली जबाबदारी

संपादकीयासाठी आम्ही यंदा निवडलेला विषय प्रथमदर्शनी प्रयोगशाळेतला वाटेल. मानव आणि इतर सजीव यांच्या जनुकसंचाचे, म्हणजेच जीनोमचे, जे वाचन गेल्या पंचवीस वर्षांत झाले, त्याचा परदेशस्थ बौद्ध कुटुंबांशी काय संबंध, असा प्रश्न कुणी विचारील. आमच्या मते हा संबंध फार निकटचा आहे. जातीचे समर्थन पिढ्यानपिढ्या रक्ताच्या नावाने केले गेले. आज त्या रक्तातील अक्षरे आपण वाचू शकतो.

ज्या बर्मिंगहॅम शहरात आपण संसार थाटले, त्याच शहरात १८२२ साली फ्रान्सिस गॉल्टन यांचा जन्म झाला. युजेनिक्स, म्हणजे सुप्रजननशास्त्र, हा शब्द त्यांनीच १८८३ मध्ये रूढ केला. माणसांची पैदास निवडून केली तर वंश सुधारेल, या विचाराने पुढे अमेरिकेत सक्तीच्या नसबंदीचे कायदे आणले आणि नाझी जर्मनीत मानवसंहाराला शास्त्राचा मुलामा दिला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजने २०२० साली आपल्या व्याख्यानगृहावरील गॉल्टन यांचे नाव उतरविले. भारतातही जातिव्यवस्था ही वंशशुद्धीची योजना आहे, असे सांगणारे विद्वान होतेच. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ च्या 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट' या ग्रंथात त्या युक्तिवादाचा समाचार घेतला. बेटीबंदीला एकवेळ वंशाचे कारण देता येईल, पण रोटीबंदीला कोणते देणार, हा त्यांचा प्रश्न आजही निरुत्तर करणारा आहे.

आता विज्ञान काय सांगते ते पाहू. मानवी जनुकसंचाचा कच्चा आराखडा २६ जून २००० रोजी जाहीर झाला, २००३ साली प्रकल्प पूर्ण झाल्याची घोषणा झाली आणि उरलेल्या रिकाम्या जागा भरून काढणारे संपूर्ण वाचन २०२२ साली प्रसिद्ध झाले. सुमारे तीन अब्ज अक्षरांच्या या लिपीत प्रथिने घडविणारी जनुके जेमतेम वीस हजारांच्या घरात निघाली. ज्या गव्हाची पोळी आपण खातो त्याचा जनुकसंच मानवाच्या सुमारे पाचपट मोठा आहे, आणि चिंपांझीशी तुलना केली असता एकेका अक्षराचे फरक शेकडा सव्वाच्या आसपासच भरतात. उच्चनीचतेचा अहंकार मिरविणाऱ्या मानवजातीला निसर्गाने दिलेला हा विनयाचा धडा आहे.

भारतीय समाजासंबंधीचे निष्कर्ष याहून बोलके आहेत. हैदराबादच्या पेशी व रेणवीय जीवशास्त्र केंद्रातील शास्त्रज्ञांनी हार्वर्डच्या सहकाऱ्यांसह २००९ आणि २०१३ साली दाखवून दिले की, मुख्य भूमीवरील जवळजवळ सर्व समाज, ब्राह्मणांपासून आदिवासींपर्यंत, प्राचीन प्रवाहांच्या मिश्रणातून घडले आहेत. हे मिश्रण सुमारे ४२०० ते १९०० वर्षांपूर्वी मुक्तपणे चालू होते. त्यानंतर ते थांबले. पश्चिम बंगालमधील कल्याणी येथील राष्ट्रीय संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०१६ साली हा बदल अनेक उच्चवर्णीय गटांत साधारण सत्तर पिढ्यांपूर्वी, म्हणजे गुप्तकाळाच्या सुमारास, झाल्याचे अनुमान काढले.

९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पंचवीस वर्षांच्या भीमरावांनी जो निबंध वाचला, त्याचे सार हेच होते. लोक मुळात मिश्र आहेत; बहिर्विवाही समाजावर अंतर्विवाहाचे बंधन लादले गेले आणि त्यातून जात जन्मास आली. जनुकांचा मागमूस नसताना केवळ समाजशास्त्रीय तर्काने केलेले ते निदान शंभर वर्षांनी प्रयोगशाळेत पडताळले गेले. येथे एक सावधगिरी मात्र बाळगली पाहिजे. बाबासाहेबांनी १९४८ च्या ग्रंथात अस्पृश्यतेचा उगम इ. स. ४०० च्या सुमारास मानला आणि कल्याणीचे अनुमानही त्याच काळाजवळ येते, म्हणून दोन्ही एकच सिद्ध झाले असे म्हणणे घाईचे ठरेल. जनुके बेटीबंदीची साक्ष देतात. अस्पृश्यतेची साक्ष इतिहासाला आणि आपल्या पूर्वजांच्या जीवनालाच द्यावी लागते.

बेटीबंदीची किंमत शरीरालाही मोजावी लागते. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात दक्षिण आशियातील २६३ समाजगट तपासले गेले. त्यांपैकी ८१ गटांत मोजक्या पूर्वजांपासून वाढलेल्या लोकसंख्येच्या खुणा फिनलंडवासी व अश्केनाझी ज्यू यांच्यापेक्षाही ठळक आढळल्या. अशा गटात आईवडील दोघेही एकाच सदोष जनुकाचे वाहक असण्याचा संभव वाढतो, आणि तो दोष अपत्यात प्रकट होतो.

आमच्या वाचकांपैकी ज्यांचे मूळ विदर्भात आहे, त्यांनी येथे विशेष लक्ष द्यावे. १९५८ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात शुक्ला आणि सोलंकी यांनी मध्य भारतातील सिकलसेल वाहकांची नोंद प्रसिद्ध केली. गोंड, माडिया, परधान इत्यादी आदिवासींत, पूर्वाश्रमीच्या महार म्हणजे आजच्या बौद्ध समाजात आणि इतरही काही जातींत हा दोष आढळतो. हिमोग्लोबिनच्या जनुकातील अवघे एक अक्षर बदलते आणि लाल पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात. या बदलामागे पाप नाही, कर्म नाही, जातही नाही, मलेरिया आहे. ज्याच्याकडे असे एकच जनुक असते त्याला तीव्र मलेरियापासून संरक्षण मिळते, म्हणून मलेरियाग्रस्त जंगलपट्ट्यांत ते टिकून राहिले. डास आणि मलेरियाचा परजीवी या दोघांचेही जनुकसंच २००२ साली वाचले गेले. २०२१ च्या अखेरीस आफ्रिकेतील रुग्णांच्या अभ्यासातून असेही दिसले की, परजीवीच्या काही वाणांनी या संरक्षणावर मात करण्याचे उपाय आपल्या जनुकांत साठविले आहेत. मानव, डास आणि परजीवी यांचा हा हजारो वर्षांचा झगडा आपल्या कुटुंबांच्या रक्तात लिहिलेला आहे.

वैद्यकीय व्यवसायातील इतक्या वर्षांच्या अनुभवावरून आम्ही सांगू शकतो की, 'हा आफ्रिकन लोकांचा रोग, आपला नव्हे' हा समज आपल्या घरांतून अजून गेलेला नाही. इंग्लंडमधील आरोग्यसेवा गर्भवती मातांना या तपासणीची सोय देते आणि त्यासाठी कुटुंबाच्या मूळ स्थानाची प्रश्नावलीही भरून घेते. ती भरताना संकोच करू नये. तपासणी शक्यतो गरोदरपणाच्या पहिल्या दहा आठवड्यांत व्हावी. विवाहापूर्वीच झाली तर उत्तमच. वाहक हा रोगी नसतो. तो सामान्यतः निरोगी आयुष्य जगतो. दोघेही वाहक असतील तर मात्र प्रत्येक गरोदरपणात अपत्याला हा आजार होण्याची शक्यता शेकडा २५ असते. हे ज्ञान वेळेवर मिळाले तर निर्णय घेणे त्या दाम्पत्याच्या हाती राहते.

परंतु तपासणीच्या कागदाची नवी कुंडली होऊ नये. मुलगी वाहक आहे म्हणून स्थळ मोडणे, सुनेला दोष देणे, मुलापासून आजार लपविणे, हे प्रकार म्हणजे गॉल्टनच्या विचाराला आपल्याच घरात दिलेला आसरा होय. दुसरेही एक कटू सत्य बोलले पाहिजे. सातासमुद्रापार येऊन, जयंतीच्या व्यासपीठावर जातिअंताची भाषणे ऐकून, घरी परतल्यावर मुलामुलींची सोयरीक पोटजात विचारूनच ठरत असेल, तर १९१६ चा तो निबंध आपण केवळ कपाटात ठेवला असे म्हणावे लागेल. अंतर्विवाहाची भिंत आपण आपल्या हाताने पाडली नाही, तर ती पाडायला कोणतेही विज्ञान येणार नाही.

उपचारांच्या क्षितिजावर मात्र आशा आहे. रुग्णाच्या स्वतःच्या रक्तमूलपेशींतील जनुकात दुरुस्ती करून गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन पुन्हा सुरू करणाऱ्या कॅसजेव्ही उपचारास ब्रिटनने नोव्हेंबर २०२३ मध्ये जगात सर्वप्रथम मान्यता दिली, आणि जानेवारी २०२५ मध्ये इंग्लंडच्या आरोग्यसेवेतील निवडक सिकलसेल रुग्णांसाठी तो स्वीकारला गेला. त्याची अधिकृत किंमत सोळा लाख पौंडांहून अधिक आहे. गडचिरोलीच्या रुग्णापर्यंत तो कधी पोहोचणार? भारत सरकारने १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू केली, आणि दहा हजार भारतीयांच्या जनुकसंचांची माहिती जानेवारी २०२५ मध्ये संशोधकांना खुली झाली. ही पावले स्वागतार्ह आहेत. ज्यांच्या रक्तावर संशोधन होते, त्यांच्या दारी उपचारही गेला पाहिजे, हा आग्रह आपण येथून धरला पाहिजे.

तेव्हा आमची विनंती इतकीच: घरातील तरुणांची तपासणी करून घ्या, गावाकडील आप्तांना पत्राने, फोनने याची माहिती द्या, आणि पुढच्या सोयरिकीच्या बैठकीत पोटजातीचा प्रश्न कुणी काढलाच तर त्यास तेथेच उत्तर द्या. जनुकांनी आपली साक्ष दिली आहे. निकाल आपल्याला आपल्या आचरणाने द्यायचा आहे.

जयभीम!