पडद्यापुढील भावी शिक्षक
सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोडची जोड देणाऱ्या रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२० साली जागतिक शिक्षक पुरस्कार लाभला, तेव्हा आपण कौतुक मुबलक केले, परंतु बी.एड. करणाऱ्या भावी शिक्षकाला तीच साधने हाताळण्याचा सराव कितपत मिळतो, याची चौकशी फारशी कोणी केली नाही. यंत्र चालविणे ही किरकोळ बाब, भूगोलाची चित्रफीत कोणत्या क्षणी थांबवून वर्गाला प्रश्न विचारावा, आणि वीज गेली असता (तिला जाण्यास मुहूर्त लागत नाही!) तोच भूगोल खडूने कसा उभा करावा, हा विवेक खरा दुर्लभ, व तो अनुभवी शिक्षकाच्या नजरेखाली प्रत्यक्ष पाठ घेऊनच अंगी बाणतो. सबब सरावपाठांत अशा साधनांनिशी घेतलेला एक तरी पाठ सक्तीचा करावा, आणि त्याचे गुण देताना वर्गाला किती उमगले हे पाहण्यासाठी परीक्षकांनी मुलांच्या वह्या अवश्य तपासाव्यात.