मरुत्सखाचे नाक कोणी सावरले?

१८९५ साली शिवकर बापूजी तळपदे यांनी चौपाटीवर ‘मरुत्सखा’ उडवले, ही कथा पुन्हा फिरते आहे. ‘केसरी’चा हवाला देणाऱ्यांनी अंकाची तारीख द्यावी. माझा मुख्य आक्षेप मात्र निराळा आहे.

उडणारे यंत्र आपली दुखणी मागे ठेवते. राइट बंधूंच्या १९०३च्या विमानाचे नाक सतत वरखाली होई. १९०४ साली त्यांनी पुढे सुमारे ७० पौंड लोखंड बांधून गुरुत्वमध्य पुढे आणला. १९०५ साली पुढचा एलिव्हेटर मोठा करून आणखी पुढे नेला. वैमानिक आज ज्याला पिच ट्रिम म्हणतात, त्याच तोलाशी चाललेली ही झटापट त्यांच्या कागदपत्रांत नोंदलेली आहे.

मरुत्सखाच्या कथेत १५०० फूट उंची आहे, दुरुस्ती एकही नाही. विमान मानवरहित होते म्हणे! मग तोल सावरणारा हातच आत नव्हता. प्रश्न अधिकच बिकट झाला.

‘वैमानिक शास्त्रा’तील विमाने उडण्याजोगी नाहीत, हे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी १९७४ सालीच दाखवले.

तळपद्यांच्या हातची एखादी फसलेली दुरुस्ती कागदावर सापडली, तर ती मला चौपाटीवरच्या साऱ्या कल्पित गर्दीहून मोलाची वाटेल.