ऊसतोडीला गेलेले धडगाव कोण मोजणार?

नीती आयोगाने २०२१ मध्ये बहुआयामी गरिबीचा अहवाल जाहीर केला. त्यात महाराष्ट्रातील गरिबांचे प्रमाण सुमारे १५ टक्के होते. नंदुरबार जिल्ह्यात ५२.१२ टक्के, म्हणजे राज्यात सर्वाधिक. ही गरिबी केवळ उत्पन्नावरून ठरत नाही. पोषण, शाळा, चुलीचे इंधन, शौचालय, वीज, घर अशा १२ गोष्टी पाहिल्या जातात. पिण्याचे पाणी आणायला जाऊन-येऊन अर्धा तास लागत असेल, तर ते घर पाण्यापासून वंचित धरतात. सातपुड्याच्या चढणीवर हंडा घेऊन चालणाऱ्या बाईचे रोजचे कष्ट या एका निकषात येतात.

पण हा आकडा जिल्ह्याचा आहे. तापीकाठची बागायती गावे आणि धडगावभोवतीचे अक्राणी तालुक्यातील पाडे एकाच सरासरीत मोडतात. गावनिहाय चित्र जनगणनेतूनच मिळते आणि शेवटची जनगणना २०११ ची आहे. तेव्हा राज्याची साक्षरता ८२.३४ टक्के होती, नंदुरबारची ६४.३८ टक्के. २०२१ ची जनगणना झालीच नाही.

याचा फटका थेट ताटाला बसतो. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यानुसार देशातील ७५ टक्क्यांपर्यंत ग्रामीण आणि ५० टक्क्यांपर्यंत शहरी लोकसंख्येला रेशनचे धान्य मिळते. महाराष्ट्राची सुमारे ७ कोटी लाभार्थ्यांची मर्यादा २०११ च्या लोकसंख्येवरून ठरली. त्यानंतर लोकसंख्या वाढली, मर्यादा तिथेच राहिली.

आता जनगणनेचा संदर्भ दिवस १ मार्च २०२७ आहे आणि माणसांची मोजणी फेब्रुवारीत व्हायची आहे. नेमका हाच ऊसतोडीचा हंगाम. धडगाव परिसरातील पावरा, भिल्ल कुटुंबे तेव्हा मुलाबाळांसह गुजरातच्या उसाच्या फडात असतात. आजवरच्या पद्धतीत, मोजणीच्या संपूर्ण काळात घरी नसलेल्या माणसाची नोंद त्या घरात होत नाही. तो जिथे असेल तिथे मोजला जातो. म्हणजे फडावरच्या कोपीपर्यंत प्रगणक पोहोचला, तरी माणूस गुजरातच्या खात्यात जातो. पोहोचलाच नाही, तर तो कुठेच नसतो. रेशन, अंगणवाडी, शाळा, राखीव जागा हे सगळे मात्र याच आकड्यांवर ठरते.

म्हणून आमची मागणी साधी आहे. कारखाने आणि मुकादमांकडे टोळ्यांच्या याद्या असतात. त्या दोन्ही राज्यांच्या प्रशासनाने आधीच मिळवाव्यात. फडांवर पावरी, भिली समजणारे प्रगणक पाठवावेत. माणसे मूळ कोणत्या गावची, हेही नीट नोंदवावे.

जनगणनेत धर्माच्या रकान्यात 'बौद्ध' लिहा, जातही नोंदवा, असे आपण एकमेकांना सांगत आहोत. मराठवाड्यातून कोयता घेऊन निघणाऱ्यांत आपलीही कुटुंबे आहेत. हा निरोप विहारापुरता न ठेवता फडापर्यंत न्यावा लागेल. तिथे शेजारच्या कोपीत राहणाऱ्या आदिवासी बांधवांचीही नोंद झाली का, हे आपणच विचारायला हवे.